पाण्यापलीकडचं तेल : यीस्टच्या तंतुकणिकांना मेद कोण पोचवतं?

आजचं व्याख्यान यीस्टवर आहे, म्हणजे पाव फुगवणाऱ्या त्या किण्वावर. पण सुरुवात एका वाटीपासून करू या. वाटीभर पाण्यात दोन थेंब तेल सोडा. चमच्याने कितीही ढवळा, थोड्या वेळाने ते थेंब पुन्हा वर येऊन एकमेकांना बिलगतात. तेल पाण्यात विरघळत नाही, हे सांगायला व्याख्याता लागत नाही. आजचा सगळा इतिहास मात्र या एवढ्याशा गोष्टीतून उभ्या राहिलेल्या अडचणीचा आहे.

पेशी म्हणजे बहुतांशी पाणी. त्या पाण्यात निरनिराळ्या खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीची भिंत, म्हणजे पटल, मेदाची बनलेली आहे. हे मेद म्हणजे फॉस्फोलिपिड. एक डोकं, त्याला पाणी चालतं; दोन शेपट्या, त्यांना पाणी अजिबात चालत नाही. म्हणून हे रेणू दोन थरांत उभे राहतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. तंतुकणिकेला, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाला, अशी दोन पटलं असतात: बाह्य पटल आणि अंतःपटल, आणि दोहोंमध्ये एक चिंचोळी पाणथळ फट. अंतःपटलावर श्वसनाची सगळी यंत्रणा बसलेली असते.

आता अडचण अशी. या भिंतींना लागणारं बरंचसं मेद तंतुकणिका स्वतः बनवतच नाही. ते बनतं पेशीतल्या दुसऱ्या कारखान्यात, आंतर्द्रव्यजालिकेत. सोयीसाठी आपण तिला नुसतं ‘जालिका’ म्हणू. म्हणजे माल एका काठावर, बांधकाम दुसऱ्या काठावर, आणि मध्ये पाणी. ने-आण कोण करतं? हा प्रश्न साधारण १९७० पासून स्पष्टपणे मांडलेला आहे, आणि त्याचं पटण्याजोगं उत्तर गेल्या पंधरा-सतरा वर्षांत हाताला लागलं. इतका वेळ का लागला, हे आज आम्हाला सांगायचं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: ज्यांनी ही ने-आण केली ती प्रथिनं बराच काळ आपल्या डोळ्यांसमोरच होती, फक्त भलत्याच नावांनी.

थोडं मागे जाऊ. १८९० मध्ये रिखार्ट आल्टमान या जर्मन शास्त्रज्ञाने पेशीतल्या कणांना ‘बायोब्लास्ट’ म्हटलं. त्याला वाटलं, हे स्वतंत्र जीवच आहेत. १८९८ मध्ये कार्ल बेंडाने ग्रीक शब्दांतून ‘मायटोकॉन्ड्रिया’ हे नाव दिलं, मायटोस म्हणजे धागा आणि कॉन्ड्रोस म्हणजे कण. आपली ‘तंतुकणिका’ याच नावातून आली. गंमत म्हणजे धागा आणि कण हे दोन्ही बरोबर निघाले. शाळेच्या पुस्तकात शेंगदाण्यासारखी तंतुकणिका काढायला आम्ही शिकलो. यीस्टच्या जिवंत पेशीत मात्र ती फांद्या फुटलेल्या लांब नळ्यांच्या जाळ्यासारखी असते. हा आकार लक्षात ठेवा, पुढे तो फार घोळ घालणार आहे.

दुसरी एक बाजू. १९४२ मध्ये मेरी पँगबॉर्न या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत, ऑल्बनीला, काम करत होत्या. काम होतं सिफिलिसच्या रक्तचाचणीचं. या चाचणीत गाईबैलांच्या हृदयाचा अर्क वापरत. त्या अर्कातलं नेमकं कोणतं द्रव्य काम करतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पँगबॉर्नबाईंनी ते वेगळं काढलं. हृदयातून मिळालं म्हणून नाव ठेवलं कार्डिओलिपिन. हृदयाशी त्याचं खास नातं एवढंच, की हृदयाच्या स्नायूत तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात. कार्डिओलिपिन हे खरं तर अंतःपटलाचं मेद आहे, आणि ते यीस्टमध्येही आहे, ज्याला हृदय नाही! नेहमीच्या फॉस्फोलिपिडला दोन शेपट्या, याला चार. आजही सिफिलिसच्या व्हीडीआरएल चाचणीत हेच वापरतात. नाव आणि काम यांच्यातल्या फारकतीचा हा पहिला नमुना.

मग यीस्टच का? याचं उत्तर पॅरिसमध्ये आहे. १९४९ मध्ये बोरिस एफ्रुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या अशा वसाहती दाखवल्या ज्या नेहमीपेक्षा बारक्या राहतात. त्यांना ‘पेतीत’, म्हणजे छोट्या, म्हणू लागले. या पेशींचं श्वसन बंद पडलेलं होतं, तरी त्या जिवंत होत्या, साखर आंबवून जगत होत्या. आपल्या पेशींची तंतुकणिका बिघडली तर आपण संपलो. यीस्ट म्हणतं, नसू दे, साखर आहे ना? ज्या यंत्राचा अभ्यास करायचा ते मोडूनही प्रयोगातला जीव जगतो, ही सोय संशोधकाला क्वचितच मिळते. पुढे कार्डिओलिपिन बनवणारं जनुक काढून टाकलेलं यीस्टसुद्धा साखरेवर जगतं असं दिसलं; तापमान वाढवलं की मात्र त्याची तारांबळ उडते.

आता मूळ प्रश्नाकडे. १९७२ मध्ये एडवर्ड डेनिस आणि युजीन केनेडी यांनी उंदराच्या यकृतावर काम करून मेद कुठे कुठे बनतं याचा नकाशा मांडला. हे केनेडी तेच, ज्यांनी १९४८-४९ मध्ये आल्बर्ट लेनिंजर यांच्याबरोबर तंतुकणिका हेच पेशीचं ऊर्जाघर आहे हे दाखवलं होतं. त्यांच्या नकाशात एक चमत्कारिक गोष्ट होती. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं मेद जालिकेत बनतं. आपण त्याला ‘सेरीन-मेद’ म्हणू. त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की ‘इथेनॉलअमीन-मेद’ होतं. आणि हे काढून टाकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेलं असतं थेट तंतुकणिकेच्या अंतःपटलात. यीस्टमध्ये गोष्ट आणखी पुढे जाते. तयार झालेलं इथेनॉलअमीन-मेद पुन्हा जालिकेत परततं, तिथे त्याला तीन मिथिल गट चिकटवले जातात आणि ‘कोलीन-मेद’ तयार होतं. म्हणजे कापड एका गावी विणायचं, रंगवायला नदीपार पाठवायचं, आणि शिवायला परत पहिल्या गावी आणायचं. नदीवर पूल दिसत नाही, होडी दिसत नाही, तरी रंगवलेलं कापड परत येतंय!

होडी असेल, असा पहिला तर्क. पेशीत माल वाहणाऱ्या पुटिका असतात, पटलाचेच इवले फुगे. एका खोलीच्या भिंतीतून फुगा सुटतो, दुसऱ्या भिंतीत मिसळतो. या वाहतुकीची जनुकं रँडी शेकमन यांनी १९७९ पासून यीस्टमध्येच शोधली आणि २०१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण तंतुकणिका त्या मार्गावरचं स्टेशनच नाही.

दुसरा तर्क, पोहणारा हमाल. १९६८ मध्ये कारेल व्हिर्ट्झ आणि डोनाल्ड झिल्व्हरस्मिट यांनी यकृताच्या तंतुकणिका आणि जालिकेचे तुकडे एका नळीत ठेवले. पेशीतलं विद्राव्य द्रव्य मिसळलं की मेदाची अदलाबदल वेगाने होते असं त्यांना दिसलं. म्हणजे मेदाचा रेणू पोटात घेऊन पाण्यातून जाणारी प्रथिनं आहेत. सगळ्यांना वाटलं, सुटलं कोडं. पण परीक्षानळीत जे घडतं ते पेशीत त्याच कामासाठी घडतं असं नसतं. १९९० मध्ये यीस्टमधल्या अशा एका प्रथिनाचं जनुक ओळखलं गेलं. ते निघालं शेकमन यांच्या यादीतलं सेक-१४, गॉल्जीच्या कामाशी जोडलेलं. तंतुकणिकेला मेद पुरवणारा हमाल म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येईना.

आता या इतिहासातला आम्हाला सर्वांत आवडणारा भाग. तो आहे घाणीचा.

तंतुकणिका वेगळ्या काढायच्या तर पेशी फोडतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. जड भाग तळाशी बसतो. त्या तळाशी बसलेल्या तंतुकणिकांबरोबर जालिकेचे तुकडे नेहमी चिकटून येत. सगळे जण त्याला भेसळ म्हणत आणि धुऊन काढायच्या मागे असत. जितकी भेसळ कमी तितका संशोधक हाताचा स्वच्छ! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जालिका आणि तंतुकणिका एकमेकींना खेटून बसलेल्या दिसल्या नव्हत्या असं नाही. १९५९ मध्ये कोपलंड आणि डाल्टन यांनी एका माशाच्या ग्रंथीतल्या पेशींमध्ये हे शेजारपण नोंदवलं होतं. पण चित्रातलं शेजारपण आणि नळीतली भेसळ या दोन गोष्टी एकच आहेत, असं म्हणायला कोणीतरी हवं होतं.

ते म्हटलं जीन व्हान्स यांनी, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात, १९९० मध्ये. त्यांनी भेसळ टाकून दिली नाही, वेगळी काढून तपासली. त्या तुकड्यात सेरीन-मेद बनवणारी विकरं भरपूर होती. म्हणजे जालिकेचा हा खास भाग आहे, तंतुकणिकेला मुद्दाम चिकटलेला, आणि मेदाचा माल कदाचित इथूनच पलीकडे जातो. हे काम उंदराच्या यकृतावरचं. यीस्टमध्ये तसाच भाग १९९५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे गुंटर डाउम यांच्या गटाने वेगळा काढला, आणि १९९९ मध्ये त्याच गटाने हा संपर्क मेदाच्या वाहतुकीला मदत करतो असं मांडलं. होडी आणि पोहणारा हमाल यांच्या जागी आता तिसरी कल्पना आली: दोन काठ काही ठिकाणी इतके जवळ आहेत की हात लांब केला तरी पुरेल. हे अंतर दहा ते तीस नॅनोमीटर असतं.

ठीक. पण हात कोणाचा?

इथे थांबून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढची तीस वर्षं संशोधक काय करत होते असा गैरसमज होईल. प्रथिनाचा माग काढणं सोपं असतं. प्रत्येक प्रथिनामागे एक जनुक असतं. जनुकाला चमकणाऱ्या प्रथिनाचं शेपूट जोडा, पेशीत हिरवा दिवा लागतो, तो कुठे जातो ते बघत बसा. मेदाला जनुक नसतं. मेद बनवणाऱ्या विकराला असतं, मेदाला स्वतःला नाही. त्याला दिवा जोडावा तर दिवा रेणूएवढाच मोठा, मग तो मूळ रेणूसारखा वागेल याची खात्री कोण देणार? शिवाय मेदाच्या वाहतुकीत बिघाड झाला तर पेशी ‘मेद अडलं’ अशी पाटी लावत नाही. तंतुकणिका फुगते, किंवा बाहेरून येणारी प्रथिनं आत घेतली जात नाहीत, किंवा वसाहत बारीक राहते. बिघाड एकीकडे, लक्षण दुसरीकडे. आणि जनुकाला नाव मिळतं ते लक्षणावरून.

म्हणून मोजायला एक आडमार्ग वापरत. किरणोत्सारी कार्बन असलेलं सेरीन यीस्टला खायला घालायचं आणि सेरीन-मेदाचं इथेनॉलअमीन-मेद किती वेळात होतं ते मोजायचं. रंगारी नदीपार बसलाय, म्हणजे कापड रंगलं तर ते पलीकडे गेलं असणार, असा हा हिशेब. रंगाऱ्याचं, म्हणजे विकराचं, जनुक पीएसडी-१ हे १९९३ मध्ये दोन गटांनी ओळखलं, त्यांपैकी एक डेनव्हरचे डेनिस व्होल्कर यांचा. १९९५ मध्ये तेच काम करणारं दुसरं विकर पीएसडी-२ सापडलं, ते तंतुकणिकेबाहेर असतं. म्हणजे दुसरा रंगारी अलीकडच्या काठावर! मोजताना त्याला आधी काढून टाकावं लागतं. हा हिशेब आम्ही सविस्तर सांगतोय कारण पुढचं सगळं भांडण याच्यावरून झालं.

याच सुमारास, वेगळ्याच मंडळींमध्ये, वेगळंच काम चाललं होतं. १९९४ मध्ये दोन गटांनी यीस्टचे असे उत्परिवर्ती शोधले ज्यांत तंतुकणिकेचं नळ्यांचं जाळं जाऊन मोठाले गोळे होतात. एका जनुकाला नाव दिलं एमएमएम-१, म्हणजे तंतुकणिकेचा आकार राखणारं. दुसऱ्याला एमडीएम-१०, म्हणजे तंतुकणिकेची वाटणी आणि आकार पाहणारं. पुढे एमडीएम-१२ आणि एमडीएम-३४ त्यात आले. ही सगळी आकाराची जनुकं ठरली. ही प्रथिनं तंतुकणिकेला पेशीच्या सांगाड्याला बांधून ठेवत असावीत, अशी मांडणी अनेक वर्षं चालली, आणि ती तेव्हाच्या पुराव्याला धरूनच होती. मेदवाल्यांच्या परिषदेत या जनुकांचं नाव निघायचं कारण नव्हतं.

२००९. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीटर वॉल्टर यांच्या प्रयोगशाळेत बेनुआ कॉर्नमान नावाचा तरुण संशोधक होता. सोबत जोनाथन वाइसमन, माया शुल्डिनर, जोडी ननारी हे इतर गटांतले लोक. त्यांनी प्रश्न उलटा केला. जालिका आणि तंतुकणिका यांना जोडणारं प्रथिन कोणतं ते ठाऊक नाही ना, मग आपणच एक जोडणी बनवू. त्यांनी एक कृत्रिम प्रथिन घडवलं: एक टोक जालिकेत रुतणारं, दुसरं तंतुकणिकेत, मध्ये चमकणारा हिरवा भाग. नाव ठेवलं ‘कायमेरा’. मग यीस्टमध्ये सरसकट उत्परिवर्तनं घडवून असे जीव शोधले जे या कृत्रिम जोडणीशिवाय नीट वाढू शकत नाहीत. तर्क साधा आहे. ज्याचा पाय मोडलाय तोच कुबडी सोडायला तयार नसतो.

आणि सापडलं कोण? एमडीएम-१२. आकाराचं म्हणवलं जाणारं जनुक. त्याच्या पाठोपाठ एमएमएम-१, एमडीएम-१०, एमडीएम-३४ ही मंडळीही एकाच संकुलात बसलेली निघाली. एमएमएम-१ जालिकेच्या पटलात, एमडीएम-१० तंतुकणिकेच्या बाह्य पटलात, आणि मधला पट्टा उरलेल्यांचा. या संकुलाला ‘एर्मीस’ म्हणू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली ते पेशीत मोजक्या चमकत्या ठिपक्यांसारखं दिसतं. एर्मीस बिघडलेल्या यीस्टमध्ये मेदाचं रूपांतर मंदावतं, असंही त्या शोधनिबंधात होतं. आकार बिघडणं हे लक्षण होतं, पंधरा वर्षं आपण त्यालाच रोग समजत होतो.

याच वर्षी तंतुकणिकेच्या आतल्या फटीचंही कोडं सुटायला लागलं. अप्स-१ नावाचं प्रथिन २००६ पासून माहीत होतं. ते नसलं की एमजीएम-१ हे दुसरं प्रथिन अर्धवट कापलेलं राहतं, म्हणून ‘अनप्रोसेस्ड’ या शब्दावरून हे नाव. २००९ मध्ये जपानी-अमेरिकन आणि जर्मन अशा दोन गटांनी दाखवलं की अप्स-१ नसेल तर कार्डिओलिपिन घटतं. २०१२ मध्ये थॉमस लांगर यांच्या कोलोनच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं. अप्स-१ हा त्या फटीतला खराखुरा हमाल आहे. एमडीएम-३५ नावाचा जोडीदार त्याला धरून ठेवतो. जोडी बाह्य पटलापाशी जाते, कार्डिओलिपिनचा कच्चा माल असलेलं फॉस्फॅटिडिक आम्ल पोटात घेते, अंतःपटलाशी येते. तिथे जोडीदार सुटतो आणि अप्स-१ माल उतरवतो. आणि मग, हे ऐका, जोडीदार परत भेटला नाही तर फटीतली कापणारी विकरं अप्स-१ चे तुकडे करून टाकतात. अंतःपटलात कार्डिओलिपिन पुरेसं साठलं असेल तर अप्स-१ पटलालाच चिकटून राहतो, फेऱ्या थांबतात. मालाने गोदाम भरलं की हमाल दारातच अडकतो, अशी ही व्यवस्था.

हा कच्चा माल पोचल्यावर कार्डिओलिपिनच्या वाटेवरची पहिली पायरी करणारं विकर कोणतं, ते २०१३ मध्ये कळलं: टॅम-४१. हे प्रथिन २००६ पासून ‘प्रथिनं आत घेणाऱ्या यंत्रणेची निगा राखणारं’ म्हणून ओळखलं जात होतं. पुन्हा तेच! कार्डिओलिपिन कमी पडलं म्हणून प्रथिनांचं दार डुगडुगत होतं आणि दोष दाराच्या सुताराच्या नावावर लागला होता.

आतापर्यंत गोष्ट सरळ विजयाची वाटत असेल. तशी ती नाही. त्याच २०१२ मध्ये जॅनेट शॉ, टॉम रॅपोपोर्ट आणि डेनिस व्होल्कर यांच्या गटांनी मिळून एक शोधनिबंध काढला. त्यांचं म्हणणं शीर्षकातच होतं: एर्मीसचा सेरीन-मेदाच्या वाहतुकीवर थेट परिणाम होत नाही. यात व्होल्कर आहेत हे लक्षात घ्या. ज्यांनी रंगाऱ्याचं जनुक शोधलं, त्यांनीच मोजून सांगितलं की एर्मीस नसलं तरी कापड रंगतंय.

आमच्या मते हा या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोधनिबंध आहे. त्यावेळी अनेकांना तो अडथळा वाटला, पण तो झाला नसता तर ‘पूल सापडला’ म्हणून सगळे घरी गेले असते. त्याने दोन प्रश्न उभे केले. एक, एर्मीस हा नुसता दोन काठ बांधणारा दोर आहे की स्वतः मालही वाहतो? कायमेराच्या प्रयोगातच हा पेच दडलेला होता. कृत्रिम दोरात मेद वाहायची काही सोय नव्हती, तरी एमडीएम-१२ नसलेलं यीस्ट त्याच्यावर सुधारलं होतं. दोन, मेद दुसऱ्या कुठल्या वाटेने येतंय का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी आलं. २०१४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की यीस्टमध्ये तंतुकणिका रिक्तिकेलाही चिकटते. एक संपर्क काढून टाकला की दुसरा पसरतो. दोन्ही काढले की पेशी मरते. पुढच्याच वर्षी कॉर्नमान यांच्या झुरिकच्या गटाने एर्मीसशिवायही छान वाढणारे उत्परिवर्ती यीस्ट शोधले. बदल होता व्हीपीएस-१३ या जनुकात. ही व्हीपीएस मालिका १९८० च्या दशकातली, रिक्तिकेकडे प्रथिनांची वर्गवारी करणारी जनुकं म्हणून नोंदलेली. प्रथिनांची, बरं का. २०१८ पासूनच्या कामात व्हीपीएस-१३ हे लांबलचक, आतून तेलकट पन्हळ असलेलं प्रथिन निघालं. मेद त्या पन्हळीतून सरकत जातं. तीस वर्षं वेगळ्या खात्यात नोकरी, काम मात्र हेच. म्हणजे २०१२ चं मोजमाप चुकीचं नव्हतं. एक पूल पाडला तर गावकरी दुसऱ्या पुलावरून गेले, आणि नदीपार मोजणाऱ्याला गर्दी तेवढीच दिसली.

मोजण्याच्या पद्धतीलाही धक्के बसले. २०१६ मध्ये लांगर यांच्या गटाने मांडलं की पीएसडी-१ अंतःपटलात बसूनही, दोन पटलं जिथे जवळ येतात तिथे, बाह्य पटलावरच्या मेदावर काम करू शकतं. म्हणजे रंगारी नदीत हात घालून अलीकडचं कापड रंगवतो. २०१८ मध्ये जोनाथन फ्रीडमन, जोडी ननारी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पीएसडी-१ चा काही भाग जालिकेतही जाऊन बसतो. म्हणजे रंगाऱ्याचं दुकानही कधी कधी याच काठावर! पंचवीस वर्षं ज्या फूटपट्टीने मोजलं तिची टोकंच हलत होती. हे वाचलं तेव्हा आम्हाला हसू आलं, आणि जरा भीतीही वाटली.

पहिल्या प्रश्नाचं, दोर की हमाल याचं, उत्तर तुकड्यातुकड्याने आलं. २०१० मध्येच जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथे कोपेच, अल्वा आणि लुपास यांनी संगणकावर प्रथिनांच्या रचना ताडून पाहिल्या. एर्मीसमधल्या तीन प्रथिनांचा एक भाग तेलकट रेणू पोटात धरणाऱ्या प्रथिनांच्या कुळातला आहे, असं त्यांनी भाकीत केलं. २०१६-१७ मध्ये स्फटिकं मिळाली आणि एमडीएम-१२ च्या पोटात खरंच फॉस्फोलिपिड बसलेलं दिसलं. २०१८ मध्ये तोशिया एंडो यांच्या जपानी गटाने एमएमएम-१ आणि एमडीएम-१२ एकत्र ठेवले की नळीत मेद एका पटलावरून दुसऱ्यावर जातं हे दाखवलं. नळीतला प्रयोग मात्र १९६८ पासून आपल्याला फसवत आलेला आहे, म्हणून जिवंत पेशीतला पुरावा हवा होता.

तो २०२२ मध्ये आला. कॉर्नमान यांच्या गटाने जिवाणूतलं एक विकर यीस्टच्या हव्या त्या खोलीत बसवलं. ते विकर मेदाच्या शेपटीत एक जादा कार्बन घालतं. दिवा नाही, रंग नाही, फक्त वजनात किंचित भर, जी वस्तुमानमापक यंत्र टिपतं. जकात नाक्यावर शिक्का मारावा तसं. शिक्का तंतुकणिकेत बसला, आणि शिक्क्याचं मेद जालिकेत किती व कधी दिसतं ते मोजता आलं. एर्मीस आणि व्हीपीएस-१३ दोघेही मेद वाहतात, आणि दोघांची मालाची आवड वेगवेगळी आहे, असं निघालं. २०१२ चा वाद तिथे मिटला असं आम्ही मानतो.

दुसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, वांडा कुकुल्स्की यांच्या गटाने यीस्टची पेशी क्षणात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एर्मीसचा ठिपका आतून पाहिला. एका संपर्कात साधारण २५ छोटे पूल, ओळीत नाही, कसेही विखुरलेले. प्रत्येक पुलात तेलकट पोटाचे तीन तुकडे, नागमोडी जोडलेले: जालिकेकडून एमएमएम-१, मध्ये एमडीएम-१२, पलीकडे एमडीएम-३४. त्याच वर्षी अनंत मेनन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक दुवा भरला. पूल मेद आणून देतो तो बाह्य पटलाच्या बाहेरच्या थरावर. आतल्या थरात उतरायला मेदाच्या रेणूला कोलांटी मारावी लागते, डोकं तेलातून ओढत. ही कोलांटी घडवतं ते व्हीडीएसी. हे प्रथिन सत्तरच्या दशकापासून बाह्य पटलातलं भोक म्हणून पाठ्यपुस्तकात आहे, लहान रेणूंना ये-जा करायला. भोकाच्या कडेने मेदही घसरतं, हे कोणी पाहिलं नव्हतं.

वेळ संपत आली आहे, आणि समोरच्या चिठ्ठ्यांमध्ये एक प्रश्न तीनदा आलाय: हे सगळं माणसात आहे का? एर्मीस नाही. प्राण्यांच्या वंशात ते उरलेलं नाही. एमएमएम-१ शी नातं सांगणारं पीडीझेडडी-८ नावाचं प्रथिन सस्तन प्राण्यांत जालिका आणि तंतुकणिका जोडताना २०१७ मध्ये सापडलं. व्हीपीएस-१३ मात्र माणसात चार रूपांत आहे. त्यातलं ‘ए’ रूप बिघडलं की कोरिया-अॅकँथोसायटोसिस हा मज्जासंस्थेचा दुर्मीळ आजार होतो, हातपाय आपोआप हलत राहतात आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना काटे आल्यासारखे दिसतात. जनुक २००१ मध्येच सापडलं होतं. ते प्रथिन मेद वाहतं हे पुढे सतरा वर्षांनी, यीस्टच्या मदतीने कळलं. आणि कार्डिओलिपिनच्या शेपट्या नीट जुळवणारं टाफाझिन हे जनुक बिघडलं की मुलग्यांमध्ये बार्थ सिंड्रोम होतो. नेदरलँड्सच्या पीटर बार्थ यांनी १९८३ मध्ये त्याचं वर्णन केलं. या मुलांचे स्नायू दुबळे असतात आणि पांढऱ्या पेशी कमी पडतात. सर्वांत मोठा त्रास होतो तो हृदयाला. पँगबॉर्नबाईंनी ठेवलेलं नाव निदान या मुलांच्या बाबतीत तरी खरं ठरलं.

दुसरी चिठ्ठी आहे घरच्या यीस्टवर यातलं काही बघता येईल का, अशी. पाकिटातलं यीस्ट कोमट साखरपाण्यात टाकून साध्या शालेय सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलंत तर अंडाकृती पेशी आणि त्यांना फुटणारे कोंब दिसतील. पेशीत एक मोठा फिकट गोल दिसेल, ती रिक्तिका. तंतुकणिका दिसणार नाही, तिला रंग लागतो. पण ती त्या गोलाला कुठेतरी चिकटून बसलेली असेल.